केरसुणी नसलेलं घर

आमच्या घरात एक खुर्ची आहे. ती बसण्यासाठी आणली होती, हे आता फक्त मला आणि माझ्या बायकोला, मंगलला आठवतं. मुलं लहानपणापासून तिला कपडे ठेवायची जागा समजत आली आहेत. इस्त्रीला द्यायचे, इस्त्री होऊन आलेले, एकदा घातलेले पण धुण्याच्या लायकीचे अजून न झालेले, असे सगळे कपडे तिच्यावर गुण्यागोविंदाने नांदतात. पाहुणे येणार असले की मी ती खुर्ची आहे तशी उचलून आतल्या खोलीत नेतो आणि पाहुणे गेले की आहे तशी परत आणतो. घरकामातला माझा वाटा तेवढाच.

या खुर्चीबद्दल आजवर एकाच माणसाने मला तोंडावर विचारलंय.

"मास्तर, ही खुर्ची आजारी हाय का वो? एवढं पांघरूण घातलंय ते."

अक्का. आमच्या जुन्या घरमालकीण.

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे सकाळी मागांच्या खडखडाटाने जाग येते, तिथे आम्ही त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली अक्का, त्यांचा मुलगा श्रीनिवास, सून पद्मा आणि नात भार्गवी. श्रीनिवासला सगळे शीनू म्हणत आणि भार्गवीला भागी. घराला चिकटूनच पत्र्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार माग, दोन कामगार आणि स्वतः शीनू. तिथे टॉवेल विणले जात. अक्कांच्या स्वयंपाकघरातून एक दार थेट कारखान्यात उघडायचं. एका बाजूला फोडणीचा चुर्र आवाज आणि दुसऱ्या बाजूला धोट्याचा खट्याक खट्याक. मधे फक्त एक उंबरा.

ज्यांनी मागाशेजारी दिवस काढलेले नाहीत, त्यांना कापूस किती उडतो हे सांगून कळत नाही. सूत ओढलं जाताना त्यातून बारीक लव सुटते. ती दिसत नाही, फक्त साचते. पंख्याच्या पात्यावर, देवाच्या फोटोच्या चौकटीवर, मिठाच्या बरणीच्या झाकणावर, पापण्यांवर. शीनू संध्याकाळी कारखान्यातून बाहेर यायचा तेव्हा चाळिशी गाठायच्या आतच त्याचे केस पिकल्यासारखे दिसायचे, आणि आंघोळ करून आला की पुन्हा काळे.

राहायला आलो त्याच दिवशी मी किल्ली घ्यायला खाली गेलो. माझा स्वभाव जवळचा रस्ता शोधायचा, म्हणून कारखान्यातून, मागांच्या मधून वाट काढत त्या दारापाशी पोचलो. उंबऱ्यावर पाय ठेवणार तोच समोरून आवाज आला.

"कुटं घुसलालाव मास्तर? दुलुपु!"

समोर एक काटकुळी बाई उभी होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, लुगड्याचा काचा मारलेला, दोन्ही नाकपुड्यांत चमकी. हातात ओला टॉवेल. मी मागे वळून बघितलं, कारण दुलुपु नावाचं कुणी माझ्या मागे उभं असेल असं मला वाटलं. तेवढ्यात अक्कांनी मला खांद्याला धरून बोळात नेलं, पाठीवर त्या ओल्या टॉवेलचे सपासप फटके दिले, मग पुढे फिरवून छातीवर दिले. लग्नात हळद लावतात त्या उत्साहाने हे सगळं चाललं होतं. दुलुपु म्हणजे तेलुगूत झटक. अंगावरची धूळ झटक. हे मला झटकून झाल्यावर कळलं.

"आता या आत," त्या म्हणाल्या. "रागावू नका. आमच्यात हे रामरामच्या आधी."

चहा पिताना मी पाहिलं. मागांना खेटून असलेल्या त्या घरात कुठेही लव नव्हती. खिडकीचे गज काळेभोर, भांड्यांची फळी लख्ख, फरशी अशी की तीत ट्यूबलाइट दिसावी. मला मनातून थोडी शंका आली की ही बाई हौसेपलीकडे गेलेली आहे. अशा बायका असतात. आमच्या एका मावशीकडे पाहुणे गेले की मावशी त्यांच्यामागून फिरत फरशी पुसायची आणि पाहुणे आपोआप पाय वर घेऊन बसायचे.

पण इथे तसं नव्हतं. तेवढ्यात पाच वर्षांची भागी शाळेतून आली. दप्तर खांद्यावरून उतरवून तिने खुंटीला टांगलं, आणि त्या एवढ्याशा हालचालीने तिला धाप लागली. गळ्याशी खड्डा पडत होता. पद्माने धावत जाऊन पंप आणला, तिच्या तोंडाला लावला. अक्का उठल्या नाहीत. नातीच्या छातीकडे बघत बसल्या. धाप उतरल्यावर त्यांनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

"घ्या मास्तर. तिचं असंच हाय."

हळूहळू सगळं कळलं. भागीला दमा होता. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि सांगितलं होतं की औषध चालूच ठेवा, पण पोरगी आहे त्या हवेत राहिली तर औषध किती पुरं पडेल सांगता येत नाही. पद्माची बहीण अकलूजला दिली होती. तिथे मोकळी हवा, ऊस, शेजारी शाळा. भागीला तिथे ठेवायचं असं घरात ठरत आलं होतं, पेटीसुद्धा खाली काढली होती. माग बंद करायचे तर खायचं काय, आणि माग चालू ठेवायचे तर पोरीने श्वास कसा घ्यायचा, असा तो पेच होता. अक्कांनी ती पेटी उचलून परत माळ्यावर टाकली.

"पोरगी कुटं जायची न्हाय," त्या म्हणाल्या होत्या. "दुम्मु जाईल."

दुम्मु म्हणजे धूळ. तेव्हापासून अक्का आणि दुम्मु असं युद्ध चालू होतं, आणि आम्ही वर राहायला आलो ते थेट रणांगणात.

अक्कांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ते हवेत असायचे, धुळीसारखेच. पहिला नियम दुलुपु. कारखान्यातून येणारा माणूस बोळातून फिरून येणार, अंग झटकणार, कारखान्यातले कपडे बाहेरच्या खुंटीला लावणार आणि घरातले घालून मगच आत. अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान, हयात असते तरी त्यांनाही हेच करावं लागलं असतं, असं शीनू हसून म्हणायचा. मधलं दार फक्त चहा द्यायला उघडायचं.

निवडणुकीच्या दिवसांत एकदा एक उमेदवार हात जोडून दारात आले. मागे दहाबारा कार्यकर्ते, सगळ्यांचे कपडे कडक पांढरे. ते नेमके आधी कारखान्यात कामगारांना भेटून आले होते. अक्का ओला टॉवेल घेऊन पुढे.

"मत मागायला आलाव की दुम्मु द्यायला?"

"अक्का, आपल्याच भागातला हाय मी. वळकलं न्हाय का?"

"वळकलं की. म्हणून तर सांगते. आपल्या माणसाला सांगायचं, परक्याला काय सांगायचं? दुलुपु!"

त्या माणसाने खरोखर बोळात जाऊन सदरा झटकला. मग मागच्या सगळ्यांनी झटकला. अख्ख्या गल्लीने हे पाहिलं. मत कुणी कुणाला दिलं ते माहीत नाही, पण पुढच्या वेळी ते गृहस्थ आले तेव्हा कोपऱ्यापासूनच अंग झटकत आले.

दुसरा नियम, रिकाम्या हाताने उठायचं नाही. बसल्या जागेवरून जो उठेल त्याने आसपासची एक वस्तू उचलायची आणि वाटेत तिच्या जागी ठेवायची. पाणी प्यायला उठलात तर रिकामी वाटी न्यायची. दार उघडायला उठलात तर वर्तमानपत्र. "उठायचंच हाय तर हात काय शोभेला हायत का?" असं त्या म्हणायच्या. मंगलला हा नियम फार आवडला आणि तिने तो वर आणला. तेव्हापासून मी उठायचंच कमी केलं.

तिसरा, कुकरचा. कुकर गॅसवर चढला की पहिली शिट्टी होईपर्यंत बाईचे हात मोकळे असतात. तेवढ्यात ओल्या फडक्याने एक जागा पुसायची. एकच. आज खिडकी, उद्या दाराची वरची पट्टी, परवा फ्रीजचं डोकं. "सगळं घर एका दिवसात पुसणारी बाई दुसऱ्या दिवशी झोपती," असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी लागणारी फडकी म्हणजे मागावर विणताना बिघडलेले टॉवेल. त्यांची चवड मोरीजवळ कायम असायची, आणि तीही घडी घालून, काठाला काठ लावून.

खाटेखाली काही ठेवायचं नाही. शिवाय रस्त्यात, जिन्यात, ओट्यावर सापडणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारायचा, "हे कुणाचं?" हा प्रश्न त्या एकदाच, पण खणखणीत विचारायच्या. उत्तर आलं नाही तर वस्तू त्यांच्या ताब्यात. एकदा मी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जिन्यात ठेवून आंघोळीला गेलो. खालून "हे कुणाचं?" असं ऐकू आलं, पण साबण डोळ्यांत होता. बाहेर येऊन बघतो तर गठ्ठा गायब. तो मला गच्चीवर सापडला. अक्का रोज उशा, गोधड्या, चादरी उन्हात टाकायच्या, कारण "सोलापुरात बाकी काय मिळो न मिळो, ऊन लई हाय, वापरा की." त्या उशांच्या ओळीत नववी ब च्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका पसरल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक खडा ठेवून.

"कागदात लई दुम्मु राहतो मास्तर," अक्का म्हणाल्या. "पोरांचा अभ्यास जरा वाळू द्या."

त्या वर्षी इतिहासाचे पेपर तपासताना एकदाही शिंक आली नाही हे मात्र खरं आहे.

पण अक्कांच्या घरातली सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे तिथे केरसुणी नव्हती. झाडूही नव्हता. कोरडं झाडलं की साचलेली लव उठते आणि तासभर हवेत तरंगते, म्हणून अक्कांनी झाडणंच बंद केलं होतं. आधी ओल्या फडक्याने हळू गोळा करायचं, मग घट्ट पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने पुसायचं, आतून बाहेर, दाराच्या दिशेने. आता हे ऐकायला सोपं आहे. पण ज्या गल्लीत केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतात, संध्याकाळी दिवा लागल्यावर तिला हात लावत नाहीत आणि दिवाळीत तिला हळदकुंकू वाहतात, तिथे घरात केरसुणी नसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

गल्लीच्या टोकाला अक्कांची नणंद राहायची. नाव लिंबाबाई. तिला हे अजिबात पटायचं नाही.

"केरसुणी नसलेल्या घरात लक्ष्मी उभी राहत न्हाय वदिना." भावजयीला ती तेलुगूतल्या रिवाजाने वदिना म्हणायची.

"उभी कशाला राहील? फरशी पुसलेली हाय, बसू दे की."

"हसण्यावारी नेऊ नको. अण्णा गेला, माग चारावर आले, पोरीला हे असं. कुणी सांगावं?"

अक्का फडकं पिळत राहायच्या. दिवाळीत मात्र त्या एक नवी केरसुणी आणायच्या, लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवून यथासांग पूजा करायच्या आणि नंतर तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर आमच्या जिन्याशेजारच्या खुंटीला टांगायच्या. "लक्ष्मी हाय ती. काम कशाला सांगू तिला?" असं म्हणायच्या.

भागी सात वर्षांची झाली. धाप कमी झाली होती, पण गेली नव्हती. पेटी अजून माळ्यावरच होती, आणि दर काही महिन्यांनी एखादा वाईट आठवडा आला की पद्माची नजर माळ्याकडे जायची. पद्मा फार बोलणारी नव्हती. ती सासूचे सगळे नियम मुकाट्याने पाळायची आणि बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलायची. अक्कांना ते कळायचं. घरात भांडण नव्हतं, पण दोघी एकाच पोरीला दोन्ही बाजूंनी धरून उभ्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी होटगीला नात्यातलं बारसं होतं. अक्का, शीनू आणि पद्मा सकाळी गेले. भागीची शाळा होती, म्हणून दुपारनंतर तिला सांभाळायला लिंबाबाई येऊन बसली. आता लिंबाबाई हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. तिच्या मनात आलं, वदिनाचं वय झालं, दिवाळी तोंडावर आली, आपण एवढा माळा तरी काढून ठेवू. बाई येईल तेव्हा खूश होईल. तिने वर येऊन खुंटीवरची केरसुणी घेतली, जिची कधी कामाशी गाठ पडली नव्हती. तिला नमस्कार केला, आणि खिडक्यादारं लावून घेतली, धूळ गल्लीत जाऊ नये म्हणून. मग माळा झाडला. सगळं मन लावून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

माळ्यावर फडकं कधी पोचलं नव्हतं. तिथे वर्षानुवर्षांची लव होती.

मी शाळेतून आलो तेव्हा खालच्या घरातून पांढरा धूर यावा तसं काहीतरी येत होतं. दार ढकललं तर लिंबाबाई केसापासून पायापर्यंत पांढरी, हातात केरसुणी, आणि भागी भिंतीला टेकून, दोन्ही खांदे वर उचलून श्वास ओढत होती. पंप दिला, पण भागत नव्हतं. मी तिला उचललं आणि मंगलने रिक्षा थांबवली. मी अशा वेळी काहीच उपयोगाचा नसतो. रिक्षात बसल्यावर मी भागीला धीर देत होतो आणि भागी मानेनेच मला धीर देत होती.

दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले. होटगीहून सगळे धावत आले. लिंबाबाई दवाखान्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसली होती, आत यायची तिची हिंमत नव्हती. अक्का तिच्यापाशी गेल्या. आम्हाला वाटलं आता काही खरं नाही.

"वदिना, मी चांगल्यासाठी केलं गं..."

"माहीत हाय."

"मार मला."

"तुला मारून काय हुईल? माळ्यावर दुम्मु होता म्हणून उडाला. तो मी ठेवला होता, तू न्हाय. चल आत, पोरगी तुला विचारलालीय."

आत भागीच्या उशाशी पद्मा बसली होती. तिने मान वर केली आणि बऱ्याच दिवसांनी सासूच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली.

"अत्तम्मा, मी तिला अकलूजला पाठवते. आता न्हाय थांबत."

अक्कांनी भागीच्या अंगावरची चादर सारखी केली. म्हणाल्या, "उद्या घरी जाऊन मग बोलू."

घरी गेल्यावर अक्का स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्या मधल्या दाराकडे बघत राहिल्या. मी औषधं ठेवायला आत गेलो होतो, म्हणून हे मला दिसलं. ते दार अण्णांनी लग्नानंतर स्वतः पाडून घेतलं होतं. आधी भिंतच होती. नवीन सुनेने चहा घेऊन गल्लीतून फिरून यायचं, लोकांनी बघायचं, हे त्यांना आवडायचं नाही. त्या दारातून अक्कांनी त्यांना चहा दिला, जेवायला हाक मारली, आणि ते गेल्यावरही चहा द्यायला दार उघडलं की समोर त्यांचा माग दिसायचा. त्यावर आता शीनू बसायचा. पाठमोरा तो बापासारखाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी गवंडी बोलावला.

शीनू कारखान्यातून धावत आला. दुलुपु विसरून थेट आत. "आई, काय करलालीस? अण्णांचं दार हाय ते!"

"अण्णा तिकडं न्हाईत आता," अक्का म्हणाल्या. "भागी हितं हाय. आधी बाहेर जाऊन अंग झटक."

दुपारपर्यंत दार विटांनी चिणलं गेलं. मीही विटा द्यायला उभा होतो. पहिलीच वीट पायावर पाडून घेतल्यावर गवंड्याने मला सावलीत बसायला सांगितलं. सगळ्यात वरचा थर लावताना माग बंद होते, जेवणाची सुट्टी होती, आणि फटीतून पलीकडचा उजेड येत होता. अक्का तेवढा वेळ समोर उभ्या होत्या. फट बुजली तेव्हा त्या वळल्या आणि पद्माला म्हणाल्या,

"माळा मी स्वतः पुसते. एक हिवाळा दे मला. पोरगी तुझी हाय, मी अडवायची न्हाय. पण एक हिवाळा दे. मग तू म्हणशील तसं."

पद्मा बराच वेळ त्या ओल्या भिंतीकडे बघत होती. मग तिने पदर खोचला.

"माळ्यावर तुम्ही नका चढू अत्तम्मा. मी चढते. तुम्ही फडकी पिळून द्या."

मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की घर नीटनेटकं ठेवणं ही एकट्या माणसाची हौस असते आणि बाकीचे ती सोसतात. त्या दुपारी शिडीवर सून, खाली बादलीशी सासू आणि शिडी धरायला लिंबाबाई असं चित्र होतं. लिंबाबाई अधूनमधून डोळे पुसत होती आणि तेवढ्यापुरती शिडी सोडत होती. "आगं शिडी धर, रड नंतर!" असं पद्मा वरून ओरडली, तेव्हा अक्का हसल्या. पद्माला ओरडताना मी प्रथमच ऐकत होतो.

हिवाळा गेला. भागी राहिली. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पंप होताच, औषधं होतीच, तपासण्या होत्या. पण वाईट आठवडे कमी झाले, मग वाईट दिवस कमी झाले. पुढचा हिवाळा गेला, आणि माळ्यावरची पेटी एके दिवशी लिंबाबाईच्या नातवाला पुस्तकं ठेवायला देऊन टाकली. चहा मात्र आता बोळातून फिरून जायचा. अक्का स्वतः घेऊन जायच्या. गल्लीतले लोक बघायचे. "बघू दे. म्हातारपणी तरी बघू दे," त्या म्हणायच्या.

पुढे आम्ही विजापूर रस्त्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. अक्का वास्तुशांतीला आल्या तेव्हाच त्यांनी त्या खुर्चीची विचारपूस केली होती. जाताना मंगलच्या हातात टॉवेलांची चवड ठेवली. बिघडलेले नाही, चांगले. "हे पुसायला न्हाईत, पाहुण्याला द्यायला. पुसायचे वेगळे पाठवते."

यंदा भागी बारावी झाली आणि तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सोडायला शीनू आणि पद्मा जाणार होते. सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर गेलो. भागी आता अक्कांपेक्षा हातभर उंच झाली आहे. तिने माझ्या पाया पडायच्या आधीच आजीचं काम सांगितलं, "सर, तुम्ही अव्वाला घरी सोडा हं. ती चालत जाईन म्हणेल. ऐकू नका."

मला वाटलं होतं, जिने या पोरीला अकलूजपर्यंत जाऊ दिलं नाही, तिची आज पंचाईत होईल. पण अक्का शांत होत्या. थोड्या पेंगत होत्या म्हणा ना.

"अव्वा, रडायचं न्हाई," भागी म्हणाली.

"रडू कशाला? तिथं जाऊन पंप कुटं ठेवशील?"

"उशाशी."

"आन दुसरा?"

"बॅगेत. अव्वा, मला सगळं माहितीय."

"माहीत हाय की मला, तुला माहितीय ते."

गाडी हलली. भागी दारात उभी राहून हात हलवत होती आणि पद्मा तिला मागून आत ओढत होती. अक्कांनी हात वर केला आणि डबे संपेपर्यंत तसाच ठेवला.

रिक्षात त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "घर मोकळं मोकळं वाटेल आता."

"मास्तर, एक सांगू? माझा डावा कान लई वर्षं झाली, कमी ऐकतो. म्हणून मी कायम डाव्या कुशीवर झोपले. उजवा कान वर राहावा. रात्री तिचा श्वास वाजला तर कळावं." त्यांनी डोळे मिटून घेतले. "शिट्टी वाजती ना छातीत, ती आधी लई बारीक असती. पद्माला ऐकू येत न्हाय ती."

"रोज?"

"रोजच की. आता पुण्याचं हितं कसं ऐकू येणार? म्हंजे आज सुट्टी."

सात रस्त्यापाशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी पाहिलं तर त्यांची मान हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आली होती. चष्मा दोरीवर लोंबत होता. तोंड जरासं उघडं. ऐकू येणारा, चांगला, उजवा कान माझ्या खांद्यात पूर्ण दाबला गेला होता.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. मागांचा खडखडाट सुरू झाला होता. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "साहेब, आत घेऊ?"

मी मान हलवली नाही, खांदा हलेल म्हणून.

"नको," मी हळूच म्हणालो. "तलावाला एक चक्कर मारून ये. सावकाश."